नळाला हात लावला की मुंग्या येतात: घराचं अर्थिंग समजून घेताना

मे महिन्यात मावशीचा फोन आला. संगमेश्वरजवळच्या तिच्या जांभ्याच्या घरात नवा गिझर बसवून जेमतेम आठवडा झाला होता. "अरे, आंघोळीला बसलं आणि नळाला हात लावला की मुंग्या येतात. तुझे काका म्हणतात, तुझा हातच बधिर होत असेल. आणि गिझर लावला की माजघरातला पंखा पण मंदावतो बघ." मी तिला लगेच सांगितलं, गिझरचा खटका बंद कर, प्लग काढून ठेव आणि मी येईपर्यंत पाणी चुलीवर तापव.

शनिवारी पोचलो आणि बाथरूमबाहेरचा बोर्ड उघडला. गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला वरच्या जाड पिनेच्या भोकामागे अर्थिंगची हिरवी वायर होती खरी, पण ती बोटभर लांबीची. तिचं दुसरं टोक शेजारच्या न्यूट्रलच्या स्क्रूखाली दाबलेलं. अर्थिंग म्हणून जे दिलं होतं ते न्यूट्रलच होतं. वायरिंग करणाऱ्यानं मावशीला सांगितलं होतं, "न्यूट्रल काय नि अर्थ काय, दोन्ही शेवटी जमिनीतच जातात."

हे वाक्य मी आजवर कितीतरी घरांत ऐकलंय, शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही. त्यात थोडंसं तथ्य आहे आणि त्यामुळेच ते लोकांना पटतं. म्हणून खड्डा किती खोल, पाइप कुठला, याच्या आधी वीज नेमकी जाते कुठे ते पाहू.

आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं असतं. जादा करंट आला की अर्थिंग तो जमिनीत सोडतं आणि पावसाचं पाणी जिरावं तसा तो जमिनीत जिरतो. तसं होत नाही. वीज जिथून निघते तिथेच परत जाते आणि परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. आपल्या घराची वीज निघते गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून, ज्याला सगळे डीपी म्हणतात. तिथे ११ हजार व्होल्टची वीज खाली उतरते आणि आपल्याला फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट मिळतात. फेज ही वीज आणणारी तार, न्यूट्रल ही परतीची. ही न्यूट्रल डीपीपाशी जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे जमीन हीसुद्धा डीपीकडे परतायची एक वाट ठरते. ओल्या फरशीवर अनवाणी उभं असताना फेजला हात लागला तर करंट हातातून छातीत, तिथून पायात, फरशीत, मातीत आणि मातीतून डीपीच्या खड्ड्यात जातो. वर्तुळ पूर्ण होतं आणि शॉक बसतो.

अर्थिंग म्हणजे या वर्तुळात माणसाच्या जागी तार देणं. गिझरच्या पत्र्याला, फ्रिजच्या अंगाला, मिक्सरच्या मोटारीला एक हिरवी वायर जोडलेली असते. आत कधी फेज पत्र्याला टेकलीच, तर करंटला माणसाची वाट पाहावी लागू नये, तो हिरव्या वायरीतून लगेच वाहू लागावा, इतका वाहावा की कुठला तरी खटका पडून वीज तुटावी. खटका पडणं हा या सगळ्याचा उद्देश आहे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

आता न्यूट्रल आणि अर्थ यांत फरक काय? न्यूट्रलमधून कायम करंट वाहत असतो. पंखा, दिवे, गिझर यांना गेलेला सगळा करंट तिच्यातूनच परततो. अर्थच्या वायरीत एरवी काहीच वाहत नाही, ती बिघाडाच्या क्षणासाठी राखून ठेवलेली वाट. मावशीच्या घरी खांबावर न्यूट्रलचा सांधा ढिला होता. २ हजार वॅटचा गिझर लावला की साडेआठ-नऊ अँपिअर त्या ढिल्या सांध्यातून परत जायला धडपडत. तिथे व्होल्टेज अडकत होतं, म्हणून पंखा मंदावत होता. मी अंगणात ओल्या मातीत एक सळई ठोकली आणि गिझरच्या पत्र्याला मीटर लावून पाहिला. ३१ व्होल्ट. गिझर पूर्णपणे ठणठणीत होता. न्यूट्रलवरचे ३१ व्होल्ट त्या बोटभर वायरीतून पत्र्यावर, तिथून भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपातून नळावर आणि नळावरून मावशीच्या ओल्या हातात येत होते.

तो सांधा पूर्ण तुटला असता तर? गिझरच्या कॉइलमधून आलेला फेज न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत पोचला असता, पुढे वाट नाही म्हणून त्याच हिरव्या वायरीतून पत्र्यावर चढला असता. पाणी तापलं नसतं, लाईट गेली असं सगळ्यांना वाटलं असतं, आणि नळावर मात्र जवळपास २३० व्होल्ट. खांबावर दुरुस्ती करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली तरी परिणाम तोच. तुमच्या घरात कुठल्याही सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ असे एकत्र बांधलेले असतील, तर बाकीचं काहीही करण्याआधी ती जोडणी परवानाधारक वायरमनकडून सोडवून घ्या. अर्थिंग नसलेला सॉकेट धोक्याचा आहेच, पण असं खोटं अर्थिंग त्याहून वाईट.

माणसाला किती करंट चालतो, तेही इथेच पाहू. १ मिलीअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग, एवढ्यावर मुंग्या जाणवतात. १० मिलीअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात, तार सोडायची म्हटलं तरी मूठ उघडत नाही. त्यापुढे ३० मिलीअँपिअर ओलांडून करंट काही काळ वाहत राहिला तर श्वास अडकतो, हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका सुरू होतो. ओल्या अंगाचा विरोध साधारण हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलीअँपिअर जातील. एमसीबी म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा खटका. बोर्डातला सगळ्यात लहान नेहमीचा एमसीबी ६ अँपिअरचा, म्हणजे ६ हजार मिलीअँपिअरचा. माणूस चिकटला आहे हे त्याला कळण्याचा प्रश्नच नाही. तो वायर तापून जळू नये म्हणून आहे. "आमच्याकडे सगळे एमसीबी आहेत" असं कुणी निर्धास्तपणे सांगितलं की मला काळजी वाटते ती यामुळे.

आता खड्डा.

काकांनी जागा आधीच ठरवून ठेवली होती, पुढच्या दारी, मीटरच्या खाली, भिंतीला लागून. ती मी बदलली. खड्डा इमारतीपासून निदान दीड मीटर लांब असावा असं आपलं अर्थिंगचं भारतीय मानक, म्हणजे आयएस ३०४३, सांगतं. शिवाय पुढचं अंगण उन्हानं भाजून निघणारं. त्यापेक्षा मागच्या दारी न्हाणीचं पाणी जिथे माडाच्या आळ्यात जातं, ती जागा बारा महिने ओली. अर्थिंगला ओल लागते. कोरडी माती वीज फारशी वाहू देत नाही. ओल्या मातीतले क्षार पाण्यात विरघळतात आणि त्यांच्यामुळे करंट पुढे सरकतो.

माती कुठली आहे यानं सगळं गणित बदलतं. मराठवाड्या-विदर्भातल्या ओलसर काळ्या मातीत ३ मीटरचा एक पाइप सहज ३-४ ओहम विरोध देतो, आणि हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. कोकणातला जांभा, देशावरचा मुरूम किंवा काळा कातळ असेल तर तोच पाइप ५० ओहम, १०० ओहम, कधी त्याच्याही वर जातो. काळ्या मातीची अडचण वेगळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाइपाभोवतीची माती सुटते आणि मार्चपर्यंत उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात कामातून जातं. तेव्हा मोजणी करायची ती मे महिन्यात. पावसाळ्यातला आकडा सगळ्यांचाच चांगला येतो.

पाइप अर्थिंगसाठी ४० मिलीमीटरचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा पाइप, लांबी अडीच ते तीन मीटर, अंगाला १२ मिलीमीटरची भोकं पाडलेली. काही जण ६०० बाय ६०० मिलीमीटरची पत्र्याची प्लेट उभी पुरतात, तांब्याची असेल तर ३.१५ मिलीमीटर जाडीची, जीआयची असेल तर ६.३. प्लेटची वरची कड जमिनीखाली दीड मीटर तरी जायला हवी, त्यामुळे खड्डा मोठा लागतो. घरासाठी मला पाइप किंवा तांब्याचा मुलामा दिलेली सळई बरी वाटते. अर्थिंगला रुंदीपेक्षा खोली उपयोगी पडते, कारण ओल खाली असते.

मावशीकडे वरचा मीटर-दीड मीटर कुदळ-पहारीनं गेला. खाली जांभा लागला, तेव्हा उरलेलं भोक ड्रिल लावून पाडून घेतलं. पाइप उभा सोडला आणि भोवती भरायची वेळ आली. काकांनी कोळशाचं पोतं आणि जाड मीठ आणूनच ठेवलं होतं. मीठ-कोळशाचे थर ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती चुकीची नाही. कोळसा ओल धरतो, मीठ त्या ओलीतून वीज वाहू देतं. पण मीठ पावसात वाहून जातं आणि कोकणातल्या पावसात तर फारच लवकर. जाता जाता जीआय पाइपही खातं. पाच-सहा वर्षांनी उकरलं तर पाइपाची चाळण झालेली दिसते. म्हणून मी बेंटोनाइट वापरतो. ही एक माती आहे, पाणी घातलं की फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि बरेच दिवस ओल सोडत नाही. काळ्या मातीच्या गावात तीही लागत नाही, बारीक चाळलेली माती पाणी मारून घट्ट चोपली तरी पुरते. खड्डा दगड-विटांच्या डबरानं मात्र कधीच भरू नये. दगडांमधल्या पोकळ्यांतून वीज जात नाही.

वर विटांचं छोटं चेंबर, त्यावर उघडता येईल असं झाकण, पाइपाच्या तोंडाला पाणी घालायला नरसाळं. पाइपाला क्लॅम्प, क्लॅम्पला नट-बोल्ट, त्यात थिंबल, म्हणजे टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण, मारलेली वायर. तांब्याची उघडी वायर थेट जीआयवर आवळली तर ओलीत त्या सांध्यावर गंज चढतो, म्हणून थिंबल कथिलाचा मुलामा असलेलं घ्यायचं. सांधा चेंबरमध्ये डोळ्यांना दिसेल असा ठेवायचा. मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडलेला सांधा तुटला तरी कुणाला कळत नाही.

अर्थिंग मोजायचं यंत्र लावलं. ४६ ओहम.

काकांचा चेहरा पडला. दोन दिवस घाम गाळला होता. घराचं अर्थिंग साधारण ५ ओहमच्या आत असावं असं सगळे धरून चालतात आणि इथे त्याच्या नऊपट. मग ६ मीटर लांब दुसरा पाइप उतरवला, दोन्ही जोडले. पाइपांमधलं अंतर पाइपाच्या लांबीच्या दुप्पट तरी हवं, नाहीतर दोघे एकाच मातीवर अवलंबून राहतात आणि दुसऱ्याचा फायदा होत नाही. आता आकडा आला २६. जांभ्यात हे वाईट नाही. आणखी चार पाइप उतरवले असते तरी ५ ओहम गाठणं कठीणच होतं.

इथे कागद घेऊन मी काकांना जे गणित दाखवलं, तेच या लेखाचा गाभा आहे.

समजा गिझरची कॉइल फुटली आणि फेज पत्र्यावर आला. एक पाइप असताना करंट किती वाहील? २३० भागिले ४६, म्हणजे ५ अँपिअर. गिझरचा एमसीबी १६ अँपिअरचा. त्याच्या लेखी काहीच झालेलं नाही, तो तसाच उभा राहील. दोन पाइप असताना? २३० भागिले २६, पावणेनऊ ते नऊ अँपिअर. तरी एमसीबी जागचा हलणार नाही. बरं, काळ्या मातीतलं उत्तम ५ ओहमचं अर्थिंग धरलं तर ४६ अँपिअर. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला त्याच्या ५ ते १० पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर तो पडेल, पण आतली पट्टी तापल्यावर, काही सेकंदांनी. ओल्या हातानं नळ धरलेल्या माणसासाठी ते काही सेकंद फार होतात. आणि हे सगळं डीपीच्या बाजूच्या मातीचा विरोध सोडून देऊन. तो धरला तर करंट आणखी कमी.

त्या वेळी गिझरच्या पत्र्यावर किती व्होल्ट असतील? ४६ ओहमच्या अर्थिंगला जवळपास सगळे, २०० च्या वर. शिवाय घरातल्या सगळ्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे तेच व्होल्टेज फ्रिजच्या दारावर, वॉशिंग मशीनवर, पाण्याच्या पंपावर जाऊन बसतं. बिघाड बाथरूममध्ये आणि शॉक स्वयंपाकघरात. शिवाय ५ अँपिअर सतत मातीत वाहिले तर दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस युनिट नुसते वाया जातात आणि मीटर ते मोजतो. बिल अचानक फुगलं आणि कारण सापडत नसेल, तर ही शक्यता तपासून पाहावी.

काका म्हणाले, "मग एवढं खणलं कशाला?"

कारण दुसरा जोडीदार बसायचा होता. आरसीसीबी. बाजारात आणि वायरमन मंडळींत याला अजून ईएलसीबीच म्हणतात. त्याचं काम म्हणजे सतत चाललेला हिशेब. फेजमधून जेवढा करंट आत गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? दोन्ही तारा एका कड्यातून गेलेल्या असतात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर कड्यात चुंबकत्व शून्य. थोडा करंट तिसऱ्या वाटेनं, म्हणजे अर्थमधून किंवा माणसातून गेला, तर हिशेबात फरक येतो आणि खटका पडतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घ्यायचा. तेवढ्या फरकाला त्यानं ०.३ सेकंदाच्या आत पडायलाच हवं असा नियम आहे, मोठा फरक असेल तर त्याहूनही लवकर.

आता तेच गणित पुन्हा. ४६ ओहमला ५ अँपिअर गळती, म्हणजे ५ हजार मिलीअँपिअर. ३० ला पडणाऱ्या खटक्यासाठी हे १६० पटींहून अधिक. कॉइल फुटल्या क्षणी वीज तुटेल, नळाला हात लागण्याची वाटही न पाहता. आणि गळती ३० मिलीअँपिअरच्या आत राहिली तर पत्र्यावर चढणारं व्होल्टेज ०.०३ गुणिले ४६, दीड व्होल्टसुद्धा नाही. जांभ्यावरच्या घराला वाचवणारी जोडी ही आहे.

मग आरसीसीबी असला की खड्डा नको, असं काही जण म्हणतात. त्यांना मी एवढंच विचारतो: अर्थच नसेल तर फुटलेल्या कॉइलचा करंट जाणार कुठून? वाट नाही, म्हणून गळती नाही, म्हणून हिशेब बरोबर, म्हणून खटका वरच. पत्रा २३० व्होल्टवर तसाच बसून राहतो. पहिला माणूस हात लावतो तेव्हा वाट तयार होते, त्याच्या छातीतून, आणि मग खटका पडतो. बहुतेक वेळा तो माणूस वाचेल. पण तो शॉक त्याला बसायलाच नको होता. लहान मूल असेल, म्हातारं माणूस असेल, झटक्यानं न्हाणीत पडलं तर? शिवाय आरसीसीबी हे यंत्र आहे, दमट हवेत वर्षानुवर्षं न हललेला खटका अडकूही शकतो. त्याच्यावर टी अक्षराचं एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका पडला पाहिजे. पण हे बटण खटक्याच्या आतल्या आतच गळती तयार करतं. अर्थिंग आहे की नाही याबद्दल ते काहीच सांगत नाही. बटण दाबलं, पडला, म्हणजे अर्थिंग चांगलं, असं समजून चालणारे खूप आहेत.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून काढून टाकलेली घरं मी पाहिली आहेत. तारा थेट जोडून टाकलेल्या. कृपा करून हे करू नका. तो पडतोय म्हणजे कुठेतरी ओल शिरून गळती होतेय. सगळे एमसीबी बंद करून एकेक चालू करत गेलं की कुठल्या सर्किटवर पडतो ते कळतं. सगळे बंद असतानाही पडत असेल तर बहुधा कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेली असते, मावशीच्या सॉकेटमध्ये होती तशी.

खड्डा झाला, खटका बसला, तरी मधली हिरवी वायर राहतेच. सगळ्यात जास्त कुचराई इथे होते. जुन्या घरांत केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून दोनच वायरी धावतात. खड्डा उत्तम असतो, पण त्याची तार मेन स्विचच्या पत्र्याच्या पेटीला बांधली की संपलं, पुढे आत काही जातच नाही. अर्थची वायर प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत गेली पाहिजे. दिव्या-पंख्यांना दीडची, म्हणजे दीड चौरस मिलीमीटरची वायर असेल तर अर्थही दीडची, पॉवर पॉइंटला अडीचची, गिझर-एसीला चारची असेल तर अर्थही तेवढीच, असा साधा हिशेब धरायचा. चेंबरपासून बोर्डापर्यंत ६ चौरस मिलीमीटरची तांब्याची, किंवा पूर्वापार चालत आलेली आठ नंबरची जीआय तार. वाटेत नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा नको.

आणि ती वरची जाड पिन. ती बाकी दोघींपेक्षा लांब असते. प्लग खुपसताना आधी अर्थ जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा, म्हणून ती मुद्दाम तशी केलेली. दोन पिनांच्या बोर्डात बसेना म्हणून ती पिन तोडून टाकलेले इस्त्रीचे, मिक्सरचे प्लग घराघरांत दिसतात. दोन तारांच्या वायरीवर लावलेला एक्स्टेन्शन बोर्डही तसाच. तीन भोकं दिसतात, पण वरच्या भोकामागे काहीच नसतं.

अर्थिंग आहे की नाही हे बघायची गावोगावची पद्धत म्हणजे फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब. लख्ख पेटला की वायरमन समाधानानं मान हलवतो. इथेही गणित करून बघा. १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही, पेटलेला असताना त्याचा स्वतःचा विरोध ५३० ओहमच्या आसपास. त्याच्या पुढे अर्थिंगचे ५ ओहम असले काय नि ५० असले काय, बल्बच्या उजेडात डोळ्यांना कळेल असा फरक फारसा पडत नाही. बल्ब पेटला म्हणजे तार कुठे तुटलेली नाही, एवढंच कळतं. वर या चाचणीत एक धोका आहे: अर्थची तार खड्ड्याकडे जाताना तुटलेली असेल, तर बल्बमधून आलेला फेज घरातल्या सगळ्या उपकरणांच्या पत्र्यांवर चढतो. चाचणी चालू असताना कुणी फ्रिजला हात लावला तर? आणि आरसीसीबी बसवलेला असेल तर बल्ब लावताच तो पडेल, ते योग्यच आहे.

टेस्टरचंही तसंच. वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर टेस्टर लावला, लाल दिवा लागला, लोक घाबरतात. बऱ्याचदा कारण असं असतं की मशीनच्या आत विजेतला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते अगदी थोडा करंट पत्र्यावर सोडतात, आणि तो अर्थमधून निघून जाईल असं बनवणाऱ्यानं धरलेलं असतं. अर्थच नसला की पत्र्यावर शंभरेक व्होल्ट दिसतात, हाताला झिणझिण्या येतात. मशीन बिघडलेलं नसतं. अर्थची वाट तुटली आहे, हे ते सांगत असतं.

खरा आकडा अर्थ टेस्टरच देतो. खड्ड्याची तार घराच्या वायरिंगपासून सोडवायची, दोन खिळे ठराविक अंतरावर जमिनीत ठोकायचे, तिन्ही टोकं यंत्राला जोडायची. यंत्र लांबच्या खिळ्यातून करंट सोडतं आणि मधल्या खिळ्यावर व्होल्टेज मोजतं. तार सोडवलेली असताना घराला अर्थ नसतो, म्हणून आधी मेन बंद. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या वायरमनकडे हे यंत्र नसेल तर परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडे असतं. पैसे देताना ओहममधला आकडा लिहून मागा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना खड्डा खणायचा प्रश्न नाही. तिथे इमारतीचे खड्डे खाली असतात, त्यांची पट्टी मीटर रूममध्ये येते आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला एक अर्थची वायर वर जाते. सहाव्या मजल्यावरचं अर्थिंग म्हणजे ती एक वायर. सोसायटीच्या सभेत दोन गोष्टी विचारा: चेंबरची झाकणं शेवटची कधी उघडली, आणि मीटर रूममधल्या पट्टीचे नट-बोल्ट कधी आवळले. पार्किंगला नव्यानं पेव्हर ब्लॉक बसवले की चेंबर त्याखाली गाडले जातात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. पण कुठल्याही परिस्थितीत पाण्याच्या पाइपाला अर्थ बांधू नका. आता मधले मधले पाइप प्लास्टिकचे असतात, त्यामुळे तो करंट जमिनीत न पोचता शेजाऱ्याच्या नळावर जाऊन थांबतो.

सोलर पॅनेल बसवणाऱ्यांकडे हल्ली तीन-तीन खड्डे दिसतात, एक पॅनेलच्या बाजूचा, एक घराच्या विजेच्या बाजूचा, एक वीजरोधकाचा. वीजरोधक म्हणजे आकाशातल्या विजेसाठीची वेगळी व्यवस्था. घराचं साधं अर्थिंग आकाशातल्या विजेपासून वाचवत नाही. कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायची आपल्या घरातली सवय चांगलीच आहे.

एक गोष्ट राहिली आणि ती मला सगळ्यात जास्त बोचते. दर पावसाळ्यात बातमी येते, अंगणातल्या तारेवर कपडे वाळत घालताना शॉक लागून बाई गेली, सोडवायला धावलेला नवरा किंवा मुलगाही गेला. ती तार पत्र्याच्या घराच्या खांबाला बांधलेली असते, त्याच पत्र्यावरून खांबावरून मीटरकडे येणारी सर्व्हिस वायर आलेली असते आणि तिचं आवरण उन्हानं तडकून पत्र्याला टेकलेलं असतं. हा बिघाड आरसीसीबीच्या आधीच्या वायरीत आहे, घरातला कुठलाही खटका तो पकडत नाही. सर्व्हिस वायर पत्र्यापासून उचलून वेगळ्या आधारावर घ्यायला लावणं, तिचं आवरण पावसाआधी तपासून घेणं आणि कपड्यांना लोखंडी तार न वापरणं, एवढंच आपल्या हातात आहे. कुणी चिकटलेलं दिसलं तर आधी मेन बंद. मेनच्या आधीचा बिघाड असेल तर मेन बंद करूनही तार जिवंतच राहते, म्हणून हात न लावता कोरड्या लाकडी काठीनं तार बाजूला करायची आणि वीज कंपनीला फोन.

मावशीकडे खांबावरचा सांधा वीज कंपनीच्या माणसानं सोमवारी नवा करून दिला. बोटभर हिरवी वायर मी काढून खिशात टाकली होती, चेंबरपासून नवी ६ ची वायर आत घेतली, मेनच्या पुढे आरसीसीबी बसवला. काकांनी स्वतः ते टीचं बटण दाबून पाहिलं, दोनदा. डीबीच्या, म्हणजे खटक्यांच्या पेटीच्या, दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं: मे, दोन पाइप, २६ ओहम. त्याखाली पुढच्या मे महिन्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे. जाता जाता मी मागच्या दारची कपड्यांची लोखंडी तार सोडवली आणि मावशीनं माळ्यावरून सुंभाची जुनी दोरी काढून आणली.